ओढत कोण होतं? रथमुसलापासून रणगाड्यापर्यंत

(बारामती येथे झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याची ढब शक्यतो तशीच ठेवली आहे.)



मागच्या व्याख्यानानंतर चहाच्या वेळी एका गुरुजींनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, "सर, रणगाडा इंग्रजांनी काढला असं पोरांना सांगावं लागतं. पण आपल्याकडं अजातशत्रूच्या काळात बिनघोड्याचा रथ होता म्हणतात. ते पुस्तकात का नाही?" गुरुजींचा प्रश्न मला झटकून टाकता येईना. कारण तरुणपणी मी स्वतः हेच वर्गात सांगत होतो. चांगलं ठासून सांगत होतो, तेही तर्कशास्त्राच्या तासाला, विषय नसताना. असंच एकदा सांगत असताना मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. इंदापूर तालुक्यातला, शेतकऱ्याच्या घरचा. म्हणाला, "सर, घोडा नव्हता, तर ओढत कोण होतं?"

वर्ग हसला. मीही हसलो आणि "तेवढा तपशील ग्रंथात नाही" असं काहीतरी बोलून पुढे गेलो. आता वाटतं, बाकीचं सगळं तपशील होतं आणि खरा प्रश्न तेवढाच होता. पंचेचाळीस वर्षं झाली. आज त्याला उत्तर द्यायचा प्रयत्न करतो. तो कुठे आहे मला माहीत नाही, पण हे व्याख्यान नंतर ऐकायला ठेवतात, तेव्हा कदाचित पोचेल.

आधी ग्रंथात काय आहे ते नीट बघू. जैन आगमांत 'भगवतीसूत्र' नावाचा मोठा ग्रंथ आहे, त्यालाच 'व्याख्याप्रज्ञप्ती' म्हणतात. भाषा अर्धमागधी. त्याच्या सातव्या शतकात (इथे शतक म्हणजे प्रकरण, शंभर वर्षं नव्हेत) मगधाचा राजा कूणिक, म्हणजे आपला अजातशत्रू, आणि वैशालीकडचे गणराजे यांच्या दोन लढायांची हकीकत येते. एकीचं नाव महाशिलाकंटक, दुसरीचं रथमुसल. गौतम महावीरांना विचारतो, या लढाईला महाशिलाकंटक का म्हणतात? उत्तर असं की, त्या दिवशी कोणाला गवताची काडी लागली, पान लागलं, खडा लागला, तरी त्याला वाटायचं आपल्यावर प्रचंड शिळाच पडली. आणि रथमुसल का? तर घोडे नाहीत, सारथी नाही, योद्धा नाही, असा एक मुसळ लावलेला रथ रणांगणावर धावत सुटला आणि त्यानं भयंकर संहार केला. मेलेल्यांचे आकडेही दिलेत. पहिल्या लढाईत ८४ लाख, दुसरीत ९६ लाख. या आकड्यांवरूनच आपण कोणत्या प्रकारचं लेखन वाचतोय ते ध्यानात यावं. शिवाय कूणिकाच्या मदतीला शक्र आणि चमर असे दोन इंद्र आलेले आहेत. म्हणजे रथ कोण ओढत होतं याचं ग्रंथाचं उत्तर काय, तर दैवी शक्ती. चाक, दांडा, दाता, कळ यांचा उल्लेख नाही. आत माणूस बसून चाक फिरवत असेल ही पुढच्या अभ्यासकांनी, आणि माझ्यासारख्या मास्तरांनी, लावलेली जोड आहे.

आता मला ज्याची खरी खंत आहे ते सांगतो. ही हकीकत ग्रंथात आली आहे ती वेगळ्याच कारणानं. गौतम विचारतो, लोक म्हणतात की रणात मेलेला माणूस स्वर्गात जातो, हे खरं का? आणि महावीर म्हणतात, खरं नाही. त्या लाखोंपैकी बहुतेक नरकात गेले किंवा पशुयोनीत गेले. स्वर्गात गेल्याचं म्हणून जे मोजकं उदाहरण दिलंय ते वरुण नावाच्या श्रावकाचं. राजाज्ञेमुळे त्याला रथमुसल लढाईत जावं लागलं. जाताना त्यानं ठरवलं होतं की जो माझ्यावर आधी प्रहार करील त्याच्यावरच मी प्रहार करीन. समोरचा म्हणाला, मार. हा म्हणाला, तू आधी मार. त्याला बाण लागला, मग यानं एक बाण सोडला, रथ बाजूला घेतला आणि शांतपणे देह ठेवला. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या माणसाला पडलेला हा केवढा मोठा प्रश्न आहे! आणि आम्ही तत्त्वज्ञानाचे लोक त्या पानावर जाऊन काय शोधलं, तर इंजिन. वरुणाचं नाव मी त्या वर्गात उच्चारलंसुद्धा नव्हतं.

असो. रथाकडे येऊ.

बारामतीत रथांची ओळख करून द्यायला नको. मोरोपंत इथलेच म्हणायचे. बाबूजी नाइकांच्या आश्रयानं इथं राहून त्यांनी 'आर्याभारत' रचलं. महाभारतातल्या रथाला घोडे आहेत, सारथी आहे, आणि त्याची अडचणही तशीच खरी आहे. कर्णाच्या रथाचं चाक जमिनीत रुतलं, ही आपल्या परंपरेतली सगळ्यात प्रसिद्ध गाडी अडकल्याची घटना. शाप वगैरे बाजूला ठेवा. पावसाळ्यात काळ्या रानात बैलगाडी घातलेल्या कुठल्याही माणसाला कर्ण खाली उतरून काय करत होता ते बरोब्बर कळतं. वडील गाडी घेऊन नीरा डाव्या कालव्याच्या खालच्या रानात गेले की चाक तुंब्यापर्यंत आत जायचं. मग बैलाला मारून उपयोग नसायचा. चाकाखाली तुराट्या, दगड, काय मिळेल ते घालायचं आणि आम्ही पोरांनी आऱ्यांना धरून चाक रेटायचं. हे सांगतोय ते आठवणींसाठी नाही. ओढणारा आणि जमीन, ही दोन नावं डोक्यात ठेवा, पुढे लागणार आहेत.

कौटिल्य या बाबतीत फार व्यवहारी माणूस. 'अर्थशास्त्रा'त आयुधागाराच्या अध्यायात तो यंत्रांचे दोन गट करतो, स्थितयंत्रं आणि चलयंत्रं. नावांची लांब यादी आहे, सर्वतोभद्र, जामदग्न्य, बहुमुख, पांचालिक, देवदंड अशी. पण ती यंत्रं चालायची कशी हे तो सांगत नाही, टीकाकार आपापल्या परीनं कल्पना करतात. मुंबई विद्यापीठासाठी रा. प. कंगले यांनी अर्थशास्त्राची जी चिकित्सक आवृत्ती केली, १९६० ते ६५ मध्ये तीन भागांत आली, ती काढून बसा, नुसत्या त्या नावांवर एक संध्याकाळ जाते. रथांचेही सहा प्रकार तो देतो. देवाचा वेगळा, समारंभाचा वेगळा, लढाईचा वेगळा, प्रवासाचा वेगळा, शत्रूच्या नगरावर चालून जायचा वेगळा आणि शिकाऊ लोकांचा वेगळा. शिकाऊ रथ! म्हणजे रथ चालवायचं प्रशिक्षण होतं, त्यावर अधिकारी होता, खर्च होता. आपोआप चालणाऱ्या रथाची स्वप्नं या माणसाला पडत नव्हती.

ती पडली धारच्या भोजराजाला. अकराव्या शतकात. 'समरांगणसूत्रधार' या त्याच्या ग्रंथात यंत्रविधानाचा एक अख्खा अध्याय आहे. ग्रंथ छापला कुठे, तर बडोद्याला, गायकवाड ओरिएंटल सीरिजमध्ये, १९२४-२५ साली. या अध्यायात लाकडी पक्ष्यासारखं, पाऱ्याच्या बळावर उडणारं विमान आहे, आणि लोक तेवढंच वाचतात. माझ्या मते त्यातला सगळ्यात मोलाचा भाग म्हणजे त्यानं केलेली यंत्राची व्याख्या. महाभूतं आपापल्या स्वभावानं वागत असतात, त्यांना ज्याच्या योगानं आपल्या इच्छेप्रमाणे नियंत्रित करता येतं ते यंत्र. 'यम्' धातूवरून, यमन करणारं. मग तो म्हणतो, यंत्राची बीजं चार, पृथ्वी, आप, तेज आणि वायू. आकाश हा त्यांचा आधार. काही जण पाऱ्याला पाचवं बीज मानतात, पण पारा पार्थिवच आहे, सबब वेगळा मोजू नये. ही शिस्त बघा. तर्कशास्त्राचा मास्तर म्हणून मला हा माणूस फार आवडतो.

पुढे तो यंत्रांचे प्रकार करतो. त्यातले तीन आज आपल्या कामाचे. एक, स्वयंवाहक, म्हणजे आपलं आपण चालणारं. दुसरं, एकदा चालना दिली की चालत राहणारं. तिसरं, ज्याला चालवणारा आत किंवा आड लपलेला आहे असं. आणि यांत श्रेष्ठ स्वयंवाहक. प्रश्न अगदी नेमका मांडलाय. मात्र उत्तराच्या जागी तो म्हणतो की, रचनेचा तपशील मी गुप्ततेसाठी देत नाही, अज्ञानामुळे नव्हे. उघड केलं तर यंत्र फळत नाही. आता या वाक्यावर माझे काही मित्र फार विसंबतात. मी परीक्षक म्हणून आयुष्यभर उत्तरपत्रिका तपासल्या आहेत. "उत्तर मला येतं, पण जागेअभावी लिहीत नाही" असं लिहिणाऱ्याला मी गुण देत नसे. भोजराजालाही देत नाही. प्रश्न मांडल्याचे मात्र पूर्ण देतो.

आणि युरोपात काही निराळं चाललं नव्हतं, हे गुरुजींना मुद्दाम सांगायचंय. १३३५ साली गुइदो दा विजेवानो नावाच्या इटालियन वैद्यानं, तो फ्रान्सच्या राणीचा वैद्य होता, राजासाठी एक पुस्तक केलं. त्यात पवनचक्कीची पाती लावलेली युद्धगाडी आहे. वारा पडला तर काय, हे विचारायचं नाही. १४७२ मध्ये छापलेल्या वालतुरियोच्या युद्धशास्त्रावरच्या पुस्तकात वाऱ्यावर चालणारी गाडी पुन्हा येते. भोजाच्या भाषेत वायुबीज. मग लिओनार्दो. १४८२ च्या सुमाराला तो मिलानच्या लुदोविको स्फोर्झाला नोकरीसाठी पत्र लिहितो, त्यात म्हणतो की मी झाकलेल्या, अभेद्य गाड्या बनवीन, त्या तोफा घेऊन शत्रूत घुसतील. त्यानंतर चार-पाच वर्षांत काढलेलं चित्र आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. पालथ्या घातलेल्या टोपलीसारखं छप्पर, कडेनं तोफांची तोंडं. आत आठ माणसं हातानं दांडे फिरवणार. म्हणजे भोजाचा तिसरा प्रकार, चालवणारा आत लपलेला. घोडे आत घालावेत असंही त्याच्या मनात आलं होतं, पण कोंडलेल्या जागेत, आवाजात घोडे बिथरतील म्हणून सोडून दिलं.

त्या चित्रात एक गंमत आहे. दांडे आणि चाकं अशी जोडली आहेत की पुढची चाकं एका दिशेला फिरतील आणि मागची उलट. गाडी जागच्या जागी कण्हेल. काही लोक म्हणतात, चूक मुद्दाम केली, चित्र चोरीला गेलं तर कोणाला बनवता येऊ नये म्हणून. बघा, गुप्ततेची सबब दोन्हीकडे आहे.

पण समजा दाते नीट बसवले, तरी काय होईल? हिशेब करू. माणूस सतत काम करत राहिला तर साधारण ७५ वॅट देतो. आठ माणसांचे ६०० वॅट. एक अश्वशक्ती म्हणजे ७४६. म्हणजे लाकूड, पत्रा, तोफा, दारूगोळा आणि स्वतः ती आठ माणसं हे सगळं एका घोड्याहून कमी बळावर, शेतातून. आपल्या बैलजोडीची ताकद साधारण एक अश्वशक्ती धरतात. लिओनार्दोची अभेद्य गाडी एका बैलजोडीला हरते.

१५९६ मध्ये जॉन नेपिअर, तोच, लॉगॅरिदमवाला, स्कॉटलंडमध्ये बसून गुप्त शोधांची यादी लिहितो. त्यात धातूचा गोल रथ आहे, आत बंदूकवाले. त्याच वर्षी आपल्याकडे काय चाललं होतं? अहमदनगरला मोगलांचा वेढा पडलेला, सुरुंगानं तट फुटलेला आणि चांदबीबी उभी राहून तो बुजवून घेत होती. युद्ध इथंही होतं, कल्पक माणसंही होती. पण इथल्या कल्पकांचं डोकं वेगळ्या बाजूनं चालत होतं, ते आता सांगतो, कारण ते आपल्या परिसरातलं आहे.

इंदापूर आणि सुपे हे निजामशाही-आदिलशाहीच्या सरहद्दीवरचे परगणे. मालोजीराजांचं, शहाजीराजांचं नाव या मुलखाशी जोडलेलं आहे, ते तुम्हाला मी काय सांगू. सरहद्द म्हणजे फौजा आणि फौजा म्हणजे तोफा. अहमदनगरला १५४९ साली मुहम्मद रूमी या ओतकारानं एक तोफ ओतली, तिचं नाव मलिक-ए-मैदान. वजन सुमारे ५५ टन. ती पुढे परांड्याच्या किल्ल्यात होती. इंदापूरकडून भीमा ओलांडून पूर्वेला गेलं की परांडा फार लांब नाही. १६३२ मध्ये मुरार जगदेवानं ती परांड्याहून विजापूरला नेली, आजही तिथल्या बुरुजावर आहे. नेली कशी? परंपरा सांगते, १० हत्ती, ४०० बैल आणि शेकडो माणसं. तिची जोडीदार तोफ वाटेत नदीत बुडाली असंही सांगतात.

रणगाड्याचा अर्धा भाग इथे तयार आहे, नाही का? तोफ आहे, ती चालते आहे. पण ओढणारे बैल उघड्यावर आहेत. ते शत्रूसमोर नेता येत नाहीत. आणि वेग तासाला दोन-तीन किलोमीटर.

या दुखण्यावर इथल्या लोकांनी दुसरा उपाय काढला. गाडी मोठी करण्याऐवजी तोफ लहान केली. उंटावर जंबुरे, हत्तीवर गजनाळ. 'आईन-ए-अकबरी'त तर प्रवासात सुटे भाग करता येतील अशा तोफेचा उल्लेख आहे. आणि या संदर्भात एक नाव घ्यायलाच हवं, फतहुल्ला शिराझी. इराणातून विजापूरला, अली आदिलशहाच्या दरबारी आलेला मोठा पंडित. तत्त्वज्ञानाचाही, म्हणजे आमच्या जातीचा! आदिलशहा गेल्यावर १५८३ मध्ये तो अकबराकडे गेला आणि १५८९ मध्ये वारला. अनेक नळ्यांची तोफ त्याच्या नावावर आहे. आणि एक गाडी. गाडी चालू लागली की तिच्यावरचं जातं फिरायचं आणि पीठ निघायचं. अबुल फजल याचं श्रेय अकबराला देतो. दरबारी माणूस, देणारच. पण गाडीतला विचार बघा. लिओनार्दो यंत्रानं चाक फिरवू पाहतो. शिराझी चाकानं यंत्र फिरवतो. चाक फिरवायला बैल आहे हे तो धरून चालतो. लिओनार्दोचं चित्र जगभर टी-शर्टवर छापलं जातं, आणि शिराझीच्या जात्यानं फौजेला भाकरी दिली. दोघांत हुशार कोण, हा निकाल मी देत नाही. चालणारी गाडी कोणाची होती एवढं मात्र स्पष्ट आहे.

पुढे पेशवाईतही तीच गत. तोफखान्याचे प्रमुख पानसे, आपल्या शेजारच्या पुरंदर तालुक्यातल्या सोनोरीचे. तिथं मल्हारगड आहे, पानशांनीच बांधलेला. तोफा-गोळे ओतायचे कारखाने होते. पण १७९० च्या सुमाराच्या टिपूवरच्या मोहिमेत मराठ्यांबरोबर असलेल्या इंग्रज अधिकाऱ्यांनी लिहिलंय ते वाचून वाईट वाटतं. एकेका अवजड तोफेला शंभरावर बैल, लांबच लांब माळ. अडथळा आला की मागून कपाळानं रेटणारा शिकवलेला हत्ती. गाडे बोजड, चाकं ठेंगणी. तोफ चांगली ओतायची आणि गाड्याकडे दुर्लक्ष करायचं, ही आपली चूक होती, असं माझं मत आहे. तोफेला नाव ठेवतात, पूजा करतात. गाड्याला नाव कोण ठेवतो?

थोरले माधवराव पेशवे इथे गादीवर असताना, १७६९-७० मध्ये, फ्रान्सच्या लष्करातल्या कुन्यो नावाच्या इंजिनिअरनं नेमका गाड्याचा विचार केला. तोफा ओढायला वाफेवर चालणारी तीन चाकी गाडी केली. चार टन ओढावं अशी अपेक्षा, वेग माणसाच्या चालण्याइतका. दर पंधरा-एक मिनिटांनी वाफ संपायची, थांबायचं. पण भोजराजाचं तेजबीज इथं पहिल्यांदा चाकाला जोडलं गेलं. स्वयंवाहक. ती गाडी पॅरिसच्या संग्रहालयात अजून आहे. ओढणारा मिळाला.

तरी रणगाडा व्हायला आणखी जवळजवळ दीडशे वर्षं लागली. का? जमीन! वाफेचं इंजिन जड. जड गाडी रस्ता सोडून शेतात गेली की कर्णाचं चाक. क्रिमियन युद्धात, १८५५ मध्ये, जेम्स कोवेन नावाच्या इंग्रजानं चिलखती वाफगाडीचा आराखडा दिला, तो नाकारला गेला. नाकारणाऱ्यांना आपण हसतो, पण चिखलात ती गाडी किती हात गेली असती कोणास ठाऊक.

आणि आता, बारामती-इंदापूरच्या श्रोत्यांना ज्यासाठी इथवर आणलं ते सांगतो. हा जमिनीचा प्रश्न कोणत्याही सेनापतीनं सोडवला नाही. तो शेतीची अवजारं करणाऱ्यांनी सोडवला. अमेरिकेत कॅलिफोर्नियात स्टॉकटन गावाजवळची जमीन अशी भुसभुशीत की वाफेचा ट्रॅक्टर त्यात बुडायचा. बेंजामिन होल्ट हा कापणीची यंत्रं करणारा कारखानदार. आधी त्यानं चाकं रुंद केली, इतकी रुंद की ते यंत्र वळेना. मग १९०४ मध्ये त्यानं चाकं काढून साखळीचा पट्टा लावला. गाडी स्वतःचा रस्ता स्वतः अंथरते, त्यावरून जाते आणि मागचा रस्ता उचलून पुन्हा पुढे टाकते. विहीर खणायला येतो तो चेनचा पोकलेन तुम्ही रोज बघता, तेच. इंग्लंडमध्ये ग्रँथमच्या हॉर्न्सबी कंपनीनं, तेही शेतीची इंजिनं करणारे, असाच ट्रॅक्टर १९०७ च्या सुमाराला लष्कराला दाखवला. शिपायांनी त्याला सुरवंट नाव ठेवलं. लष्करानं फारसा घेतला नाही. ऑस्ट्रियात बुर्स्टिननं १९११ मध्ये आणि ऑस्ट्रेलियाच्या डी मोलनं १९१२ मध्ये पट्ट्यांच्या चिलखती गाड्यांचे आराखडे दिले, तेही फायलीत गेले. फाइल हा विषय मी सोडून देतो, रात्र पुरायची नाही.

मग १९१४ चं युद्ध आलं, खंदक आले, आणि होल्टचे ट्रॅक्टर तोफा ओढायला आणले गेले. बैलांची जागा त्यांनी घेतली. ते बघून इंग्रज अधिकाऱ्यांच्या डोक्यात विचार पक्का झाला की पट्टा तोफेखालीच का नको? काम दिलं कोणाला? लिंकनच्या फॉस्टर कंपनीला. मळणीयंत्रं करणारी कंपनी! विल्यम ट्रिटन आणि वॉल्टर विल्सन यांनी १९१५-१६ मध्ये गाडी उभी केली. आपल्या वालचंदनगरला साखर कारखान्यांची यंत्रं करता करता पुढे नौदलाच्या जहाजांचे गिअरबॉक्स होऊ लागले, त्यातलाच प्रकार. ज्याला चिखलातून आणि उसातून लोखंड फिरवता येतं त्याच्याकडे बाकीचे लोक नंतर येतात.

गुप्तता राखायला कामगारांना सांगितलं, मेसोपोटेमियासाठी पाण्याच्या टाक्या करतोय. म्हणून नाव पडलं टँक. आणि इंग्रजी कोशकार या टँक शब्दाचं मूळ म्हणून गुजराती टांकुं आणि मराठी टाकं यांच्याकडे बोट दाखवतात, पोर्तुगीज शब्दाशीही नातं जोडतात. म्हणजे आपल्या गडावरचं पाण्याचं टाकं त्यांच्या रणगाड्याच्या नावात जाऊन बसलंय. गुरुजी, रणगाडा आपला होता असं मला म्हणता येत नाही, पण टाकं द्यायला माझी तयारी आहे.

१५ सप्टेंबर १९१६, फ्रान्समध्ये सोमच्या लढाईत तो पहिल्यांदा उतरला. ४९ रणगाडे होते, सुरुवातीच्या रेषेपर्यंत ३२ पोचले. वजन २८ टन, इंजिन १०५ अश्वशक्तीचं. आत माणसं किती? आठ! लिओनार्दोइतकीच. फक्त आता ती ओढत नव्हती. आत पन्नास अंशांपर्यंत उष्मा, इंजिनाचा विषारी धूर, कानठळ्या. आणखी एक हिशेब मी घरी केला, तो सांगतो. २८ टनांना १०५ अश्वशक्ती, म्हणजे टनाला पावणेचार. मलिक-ए-मैदानला ५५ टनांना ४०० बैल, म्हणजे २०० जोड्या, म्हणजे २०० अश्वशक्ती. टनाला साडेतीनच्या थोडं वर. हत्ती वेगळे. दंतकथेतला आकडा आहे, त्यावर प्रबंध लिहू नका. पण ती दंतकथा सांगणाऱ्याला गाडी ओढायला काय लागतं हे माहीत होतं, एवढं खरं.

याच सोमच्या लढाईत, दोनच महिने आधी, १४ जुलैला, हाय वुड नावाच्या जंगलाजवळ डेक्कन हॉर्सच्या स्वारांनी भाले घेऊन घोड्यांवरून हल्ला केला होता. हे पथक मूळचं निजामाच्या मुलखातलं, म्हणजे दख्खनचं. मशीनगनसमोर भाले. सप्टेंबरात त्याच हाय वुडवर चार रणगाडे पाठवले, त्यातले बहुतेक तुटलेल्या झाडांच्या बुंध्यांत आणि खड्ड्यांत अडकले. घोडाही अडला, पट्टाही अडला.

डेक्कन हॉर्सचे घोडे पुढे गेले आणि रणगाडे आले. सप्टेंबर १९६५ मध्ये पंजाबात असल उत्ताडला हेच पथक जुन्या शर्मन रणगाड्यांवर होतं. समोर पाकिस्तानचे पॅटन, पंचेचाळीस टनांचे, तेव्हाचे अत्याधुनिक. आपल्या लोकांनी शेतात पाणी सोडलं. उसाची शेतं होती. पॅटन त्या ओल्या उसात रुतले आणि उसातच दबा धरून बसलेल्यांनी ते टिपले. भारतीय हिशेबानुसार ९७ गेले.

मी तेव्हा शाळकरी होतो. दौंडला मामांकडे गेलो होतो. आपली बारामतीची छोटी गाडी तेव्हा दौंडला सोडायची. स्टेशनावर एक मालगाडी उभी होती, उघड्या डब्यांवर ताडपत्रीखाली काहीतरी अवजड बांधलेलं. नगरकडे जाणारी. एका ठिकाणी ताडपत्री उडाली होती आणि खाली पट्टा दिसत होता. त्याच्या कड्यांमध्ये माती वाळून बसलेली. मामा रेल्वेत होते, त्यांनी लांबूनच ओढून नेलं. तो रणगाडा कुठला, आपला की त्यांचा, मला आजही सांगता येणार नाही. मी बघत होतो ती माती. पांढुरकी होती, आपल्यासारखी काळी नव्हती.

नगरला, आता अहिल्यानगर म्हणायचं, चिलखती दलाचं प्रशिक्षण केंद्र आहे आणि १९९४ पासून रणगाड्यांचं संग्रहालय आहे. जवळच लष्करी वाहनांवर संशोधन करणारी संस्थाही आहे. संग्रहालय सगळ्यांना बघता येतं. रोल्स रॉइसची चिलखती मोटार आहे, मॅटिल्डा आहे, व्हॅलेंटाइन आहे, पकडलेला पॅटन आहे. इथून सकाळी निघालात तर दुपारी जेवायला परत. मुलं तोफेच्या नळीपाशी फोटो काढतात, काढू द्या. तुम्ही मात्र खाली वाकून पट्टा बघा, दात असलेलं चाक कुठे आहे आणि ते कशानं फिरतं ते बघा. गुरुजी, पोरांना घेऊन जाल तेव्हा मला कळवा, मीही येतो. गुडघे साथ देत नाहीत, पण वाकेन.

प्रश्न असतील तर घेऊ. माइक मागच्या बाकांकडे आधी द्या.